पाणी चार दिवसाआड, मग कुंड्या कशाला?

पत्र थोडक्यात असं: जुळे सोलापूर भागात राहणाऱ्या, चाळिशीतल्या एका ताईंनी लिहिलंय. तळमजल्यावरचं घर, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर दहा बाय सहाची शहाबादी फरशीची मोकळी जागा, पश्चिमेला कंपाउंडची भिंत. गेल्या वर्षी मार्चमध्ये त्यांनी हौसेनं काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत मेथी, टोमॅटो आणि नर्सरीतून आणलेले दोन गुलाब लावले, मे अर्धा व्हायच्या आत सगळं करपलं. यंदा परत लावावंसं वाटतंय, पण त्यांच्या भागात पाणी चार दिवसाआड येतं. सासूबाई सांगोल्याकडच्या, सत्तरीतल्या, त्या म्हणतात माणसांना पुरेना तिथं कुंड्यांचे लाड कशाला. मिस्टर म्हणतात बाजारात वीस रुपयाला जुडी मिळते, एवढा उपद्व्याप कोण करतं. "घरची ताजी भाजी निघेल, पैसे वाचतील" असं ताई सांगून बघतायत पण कुणाला पटत नाहीये. त्यांचे प्रश्न असे की सोलापुरात उन्हाळ्यात बाग करणंच चुकीचं आहे का, पावसापर्यंत थांबावं का, घरच्यांना कसं पटवायचं, मेमध्ये आठ दिवस माहेरी जायचं असतं तेव्हा काय करायचं, आणि माझ्या हातालाच गुण नाही का. पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंय, "खरं सांगू का, मला तिथं सकाळी चहा घेऊन बसायला आवडतं, पण एवढ्यासाठी हे सगळं करायचं म्हणजे लाज वाटते."

ताई, आधी तुमची ती शेवटची ओळच घेऊ, कारण मला वाटतं गुंता तिथंच आहे. अख्खं पत्र तुम्ही भाजी, पैसे, बचत यावर लिहिलंत आणि खरं कारण शेवटी, तेही लाजत. आता मला सांगा, घरच्यांना तरी कसं पटणार, तुम्हाला स्वतःला न पटलेलं कारण तुम्ही त्यांना सांगताय. आणि मिस्टरांचं म्हणणं हिशोबाला बरोबर आहे बघा, एप्रिल-मेच्या उन्हात दहा बाय सहाच्या जागेत मेथी काढून घरखर्च वाचत नसतो, माती-खत-पिशव्या धरल्या तर जुडी बाजारातलीच स्वस्त पडते. तो मुद्दा सोडूनच द्या. "मला तिथं बसायला आवडतं" हे पुरेसं कारण आहे. आपल्याकडे बाईला स्वतःसाठी काही हवं असलं की ती ते घराच्या फायद्यात गुंडाळून मागते, मुलांना ताजं मिळेल, सगळ्यांना गारवा होईल, असं. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसलेल्या माणसाला कुणी विचारतं का, इथं बसून किती रुपये वाचले? मग मागच्या दाराबाहेर अर्धा तास बसायचं त्याचा तुम्ही का हिशोब द्यायचा. आवडतं म्हणून करायचंय, असं एकदा सरळ बोलून बघा, आवाज न चढवता.

आता सासूबाई. पत्र वाचताना असं वाटलं की तुम्ही त्यांना विरोधी पार्टीत टाकून मोकळ्या झालात. पण सांगोल्याकडच्या, आज सत्तरीत असलेल्या बाईनं ७२ चा दुष्काळ ऐन उमेदीच्या वयात बघितलेला असणार. डोक्यावरून पाणी आणलेलं माणूस पाण्याबद्दल बोलतं तेव्हा ते टोचून बोलत नसतं, त्याला खरंच भीती वाटत असते. आणि त्यांचा मुद्दा खोटा नाहीये. आपलं शहर उजनीच्या जिवावर आहे, उन्हाळ्यात उजनीची पातळी किती खाली गेली हे आपल्याकडे लोक रोज पेपरात बघतात. त्यामुळे प्यायच्या-वापरायच्या पाण्यातला एक तांब्यासुद्धा कुंड्यांना जाणार नाही, हे तुम्ही आपणहून म्हणा, आणि तसंच करा. म्हटलं म्हणजे पाळायचं, त्यात सूट नाही.

मग पाणी कुठून? आपल्या घरातच आहे की. पाणी यायच्या दिवशी आपल्याकडे बहुतेक घरात काय होतं ते आठवा, नळ आला की आधीचं साठवलेलं "शिळं" झालं म्हणून बॅरलच्या तळाचं, हंड्यातलं, बादल्यांतलं पाणी ओतून देतात आणि मग ताजं भरतात. ते ओतलेलं पाणी मोरीत जातं. एकदा मोजून बघा, दोन-तीन बादल्या सहज निघतात. दहा इंची कुंडीला भर उन्हाळ्यात दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागतं, कुंड्या आठ धरल्या तर रोजचे आठ लिटर, चार दिवसाआड म्हणजे पाचव्या दिवशी पाणी येणार, तोवर पाच दिवसांचे चाळीस. म्हणजे दोन मोठ्या बादल्या. त्यात रोजचं तांदूळ-डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी धरा, ते तीन-चार लिटर तरी होतंच. बसला हिशोब. हा हिशोब तुम्ही सांगण्यापेक्षा सासूबाईंनाच करायला सांगा, त्यांच्याइतकी पाण्याची मोजदाद घरात कुणाला जमणार नाही. फक्त एवढं बघा, मीठ घातलेलं किंवा साबणाचं पाणी कुंडीत नको. आरओ फिल्टरमधून वाया जाणारं पाणी आणि बोअरचं पाणी यात क्षार जास्त असतात, कुंडीवर पांढरा थर येतो ना तो त्याचाच, ते रोज घालू नका, फरशी पुसायला वापरा. आणि बागेसाठी काढलेली बादली झाकून ठेवायची, कुंडीखालच्या ताटल्यांत पाणी साचू द्यायचं नाही, डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि त्याला घरातलं असलंच साचलेलं पाणी लागतं.

हाताला गुण नाही वगैरे मनातून काढून टाका. गेल्या वर्षी जे झालं ते कुणाच्याही हातून झालं असतं. मेथी थंडीतलं पीक, उन्हाळ्यात ती नीट वाढायच्या आधीच फुलावर येते नाहीतर जळते. टोमॅटोचं तर दिवसाचं तापमान ३५ च्या वर गेलं की फूल गळतं, फळच धरत नाही, आणि आपल्याकडे एप्रिलमध्येच चाळीस पार होतं. गुलाब मार्चमध्ये आणलेत, म्हणजे मुळं नवीन मातीत बसायच्या आत ऊन सुरू. वर काळ्या पिशव्या, खाली शहाबादी, बाजूला दुपारभर तापलेली भिंत. काळं प्लास्टिक ऊन ओढून घेतं आणि आतली मुळं अक्षरशः शिजतात, वरून कितीही पाणी घाला. भिंत तर सूर्य गेल्यावरही रात्री नऊ-दहापर्यंत गरम मारत असते, हात लावून बघा.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडच्या मातीत हमखास होते. शेतातली काळी माती कुंडीत भरली की वाळल्यावर ती आकसते, कुंडीच्या कडेपासून सुटते आणि बोटभर फट पडते. तुम्ही पाणी घालता, ते त्या फटीतून सरळ खाली जाऊन भोकातून बाहेर येतं, आपल्याला वाटतं झाड पोटभर प्यालं, पण मधला मातीचा गोळा कोरडाच असतो. म्हणून निम्मी माती, बाकीच्यात शेणखत आणि थोडी वाळू किंवा कोकोपीट असं मिसळून घ्या, आणि पाणी एकदम न ओतता दोन दमात घाला, आधी थोडं, ते मुरलं की परत थोडं. बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, ओल लागली तर त्या दिवशी नाही घातलं तरी चालतं.

दुपारी पानं लोंबली की घाबरून पाणी घालू नका हेही सांगून ठेवते. दुपारच्या कोरड्या झळांत पानातून पाणी उडतं ते मुळांच्या ओढण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून जास्वंद दोन वाजता अगदी मान टाकते. तीच सहा-सातला आपोआप उभी राहते. संध्याकाळीसुद्धा मान खालीच राहिली तर मात्र पाणी कमी पडतंय. पाणी सकाळी ऊन यायच्या आधी किंवा दिवस मावळल्यावर घालायचं, आणि एप्रिल-मेमध्ये खताचा मारा अजिबात नको, झाड त्या दिवसांत फक्त तग धरत असतं.

आता लावायचं काय. माझं मत विचाराल तर सगळ्यात आधी मोगरा. मोगरा हे उन्हाळ्याचंच झाड आहे, त्याला आपलं ऊन मानवतं, आणि कुठल्या भाजीनं मिळणार नाही असा आनंद तो देतो. जानेवारी-फेब्रुवारीत छाटून घ्यायचा, कळ्या नवीन फुटव्यावर येतात, मार्च ते जून बहर. एक बहर संपला की शेंडे खुडून टाकायचे, परत येतो. एखाद्या संध्याकाळी त्याच्यासमोर बसून बघाच. दुपारी कळी बारीक, हिरवट, टोकाला घट्ट मिटलेली असते. पाचच्या सुमाराला ती पांढरी होऊन फुगते, टोकाची घडी जराशी सैल पडते, आणि दिवे लागल्यावर कधीतरी पाकळ्या मोकळ्या होतात, मग वास सगळ्या मागच्या खोलीत. पाच-सहा कळ्या संध्याकाळीच तोडून ओल्या फडक्यात ठेवल्या तर रात्री उमलतात. दोन माठाच्या पाण्यात टाका, सासूबाईंच्या देवाला काही ठेवा.

बाकी सगळं फुकटात होतं. ऑफिस टाईम या फुलझाडाच्या काड्या कुणाकडूनही मागून आणून खोचल्या की लागतात, तिला कडक ऊनच लागतं, पाणी जेमतेम. घोळाची भाजी तिचीच जातभाई आहे, बाजारातून जुडी आणली की जाड देठाच्या चार काड्या मातीत खोचा, भर मेमध्ये पसरते, आणि भाजीची हौस असेलच तर उन्हाळ्यात ही एक भाजी कुंडीत खरंच निघते, डाळ घालून केली की चार माणसांना पुरते. पुदिन्याच्याही देठांना मुळं फुटतात, पण त्याला सावली हवी, भांडी घासायच्या जागेजवळ ठेवा, साबणाचं पाणी उडणार नाही असं बघून. गवती चहाचा एक ठोंब. सदाफुली. कोरफड. तुळस असणारच तुमच्याकडे, तिला मंजिऱ्या आल्या की खुडत जा आणि दुपारच्या उन्हातून जरा आत घ्या. झाल्या की आठ. यापुढे या उन्हाळ्यात एकही वाढवू नका, नर्सरीतून जाताना तर मान वळवूच नका, तिथली झाडं हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात, ती आपल्या फरशीवर दोन दिवसांत माना टाकतात.

कुंड्या मातीच्या घ्या, कमी तापतात. आहेत त्याच प्लास्टिकच्या वापरायच्या असतील तर त्यांना बाहेरून पोतं गुंडाळा. फरशीवर थेट ठेवू नका, खाली विटा किंवा जुनी फळी, भिंतीपासून हातभर लांब, आणि सगळ्या एकमेकींना चिकटून, म्हणजे एकीची सावली दुसरीला. मातीवर आच्छादन लागतंच, त्याला आपल्याकडे शेंगांच्या टरफलांसारखं काही नाही, सोलापुरात चटणीसाठी शेंगा फोडत नाही असं घर सापडायचं नाही, ती टरफलं दोन बोटं जाड पसरा. दाणे राहिलेले नकोत, उंदीर येतात, आणि खारवलेल्या शेंगांची टरफलं तर अजिबात नकोत. पश्चिमेच्या बाजूला जुनी सोलापुरी चादर दोरीवर टाका, बारा ते साडेपाच, मग काढून ठेवा. झाडांना सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं चुकतं. चादर विटली तर विटली, जुनीच आहे.

संक्रांतीची सुगडं ठेवलीत का जपून? असतील तर काढा. बिनरंगाचं सुगड मोठ्या कुंडीत मोगऱ्याच्या बाजूला गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर पणती पालथी घालायची. भाजलेल्या, बिनरंगाच्या मातीतून पाणी हळूहळू झिरपतं आणि थेट मुळांपाशी जातं, वर उडून जात नाही. ऑईलपेंट मारलेली सुगडं झिरपत नाहीत, ती यासाठी चालत नाहीत. शेतात मडकं पुरून फळझाडं जगवायची जुनी पद्धत आहे, सासूबाईंना माहीत असायची शक्यता बरीच आहे, विचारून बघा.

एक मात्र करा, कुंड्या मांडायच्या आधी बसायची जागा ठरवा. लोक सगळीकडे कुंड्या ठेवतात आणि मग बसायला जागाच उरत नाही, बाग म्हणजे रोज पाणी घालायचं एक काम होऊन बसतं. तुम्हाला बसायचंय ना? मग आधी खुर्ची, नाहीतर पाट, पूर्वेच्या कडेला, घराच्या भिंतीला पाठ लावून, तिथं सकाळी आठ-साडेआठपर्यंत सावली असेल. तिथून हात पोचेल एवढ्या अंतरात मोगरा आणि गवती चहा, म्हणजे उठायला नको, दोन पाती तोडली की चहात. कोपऱ्यात पक्ष्यांसाठी मातीचं पसरट भांडं ठेवा, पाणी रोज बदला. चिमण्या आणि बुलबुल येतात, जास्वंद असेल तर शिंजीरही येतो, एवढासा, फुलात चोच घालून लटकतो. पण तुम्ही हलायचं नाही. असा अर्धा तास रोज मिळाला तर चाळिशीतल्या बाईला ते औषधच आहे, हे मी मनापासून सांगते, त्यासाठी कुणाची परवानगी लागू नये.

पावसापर्यंत थांबायचं का हाही तुमचा प्रश्न होता. थांबण्यात चूक काही नाही, घरात आजारपण असेल, परीक्षा असतील, तुमची स्वतःची ओढाताण होत असेल तर सरळ थांबा. पण आपल्याकडे मृगाचा भरवसा धरून बसण्यात अर्थ नाही, सोलापूरचा खरा जोराचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात पडतो. आणि तुम्हाला जे हवंय ते, सकाळचं गार वारं आणि संध्याकाळचा मोगरा, ते उन्हाळ्यातच मिळतं. मेथी, टोमॅटो, गुलाब मात्र थांबवा, मेथी-टोमॅटोला ऑक्टोबरनंतर आणि गुलाबाला पावसाळा संपता संपता. ज्यांच्याकडे मागची जागा नाही, फक्त गॅलरी आहे, त्यांनी हेच तीन-चार कुंड्यांत करावं. गच्चीवर उन्हाळ्यात नवीन काही सुरू करू नका, तो स्लॅब आणि ते ऊन, जाळी बांधूनसुद्धा झाडं आणि माणूस दोघं दमतात. ठिबकचे किट, टायमर असला खर्चही पहिल्या वर्षी नको. एक उन्हाळा आठ कुंड्या जगवून बघा, पुढचं नंतर.

पटवण्याचं म्हणाल तर पटवू नका. मिस्टरांना फक्त विटा आणि दोरी लावायला सांगा. सासूबाईंना पाण्याची बादली सोपवा, म्हणजे कुठलं पाणी कुंड्यांना जायचं हे त्यांनीच ठरवायचं, पाणी येत नसेल त्या आठवड्यात त्यांनी नाही म्हटलं तर त्या दिवशी फक्त तुळस आणि मोगरा, बाकी कोरफड-ऑफिस टाईमला दोन दिवस काही होत नाही. यात तुमचं काही कमी होत नाही आणि त्यांची भीतीही जाते. तरी त्या कुरकुरल्या तर कुरकुरू द्या. सगळ्यांना आवडलंच पाहिजे असं नाही.

आता माहेरचे आठ दिवस. निघायच्या आदल्या रात्री सगळ्या कुंड्या मोरीत नाहीतर दिवसभर सावली राहते अशा जागी एकत्र आणा, प्रत्येकीला दोन दमात पोटभर पाणी, टरफलांचा थर दुप्पट, सुगड भरून झाकलेलं. ताटल्या काढून ठेवा. मोगऱ्यावरच्या कळ्या, फुलं सगळी तोडून टाका, म्हणजे त्याची पाण्याची गरज कमी होते. कोरफड, ऑफिस टाईम, सदाफुली, घोळ एवढ्यावर तग धरतील. मोगरा, तुळस आणि पुदिना यांना मात्र चौथ्या दिवशी पाणी लागेलच. पाणी यायचा वार त्याच सुमाराला पडतो का बघा, घरी सासूबाई असतील तर शिळ्या पाण्याची बादली त्या दिवशी तिकडेच, आणि त्याही बरोबर येणार असतील तर हे तीन डबे-कुंड्या आदल्या दिवशी शेजारी नेऊन ठेवा.